हॅनाचा अल्कलिनिटी चेकर एचआय७७२: बाबांच्या दोन्ही डोळ्यांना एकच आकडा

निकाल आधी सांगून टाकते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांबरोबर मऊ प्रवाळ असतील आणि पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, टिकवायला तुम्ही चुन्याची निवळी किंवा सोडा घालत असाल, तर ती मोजणारा हॅना कंपनीचा एचआय७७२ हा छोटा डिजिटल चेकर जरूर घ्या. टाकीत नुसते मासे असतील तर घेऊ नका. ते पैसे आधी अमोनिया-नायट्रेटच्या किटवर आणि आरओच्या पुढे लावायच्या, पाण्यात उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनवर घाला. या यंत्राबद्दल "डिजिटल आहे, अचूक आहे" एवढंच सांगितलं जातं. त्यातला पहिला शब्द खरा आहे, दुसऱ्याबद्दल मला बरंच लिहायचं आहे.

मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. टाकी बाबांची. त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली, शाईच्या दोन छटांमधला फरक ओळखण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी हॉलमध्ये २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. तिच्यात समुद्रातून न पकडता हॅचरीत वाढवलेली क्लाऊनफिशची जोडी आहे, एक फायरफिश आहे, क्लीनर कोळंबी, गोगलगायी, मशरूम आणि झोअँथिड जातीचे मऊ प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळ आम्ही ठेवत नाही. आपल्याकडे ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्याच वर्षी समुद्री घोडेही त्या यादीत गेले. दुकानात कुणी "चालतं हो" म्हणालं तरी चालत नाही, आणि समुद्रातला खडक फोडून आणलेला प्रवाळ आपल्या हॉलमध्ये नसणंच बरं.

मग कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधायला अल्कलिनिटी खाणारे दगडी प्रवाळच नाहीत तर अल्कलिनिटी मोजायची कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. अल्कलिनिटी डीकेएच या एककात मोजतात. समुद्राच्या पाण्यात ती साधारण ७ डीकेएच असते, आम्ही ८ च्या आसपास ठेवतो. टाकीत ती सतत खर्च होते. गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ दगडावर चढतं ते कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं, गोगलगायीचं कवचही त्याचंच. याशिवाय एक खर्च डोळ्यांना दिसत नाही: माशांच्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. पाण्यात ५० पीपीएम नायट्रेट साचेपर्यंत त्यापायी सुमारे २.३ डीकेएच खर्ची पडलेले असतात. म्हणजे नुसत्या माशांच्या टाकीतही अल्कलिनिटी उतरते, पण तिथे नियमानं पाणी बदललं की नव्या मिठाबरोबर ती भरून निघते. आमच्यासारख्या टाकीत तेवढ्यानं भागत नाही, वरून घालावं लागतं. वरून घालायचं म्हटलं की आधी मोजणं आलं. जास्त झालं तर हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर पांढरी खर धरते, घातलेला चुना तिथेच वाया जातो आणि पाण्यातलं कॅल्शियमही सोबत नेतो.

आधी आमच्याकडे सालीफर्टचं केएच, म्हणजे अल्कलिनिटी मोजायचं, किट होतं. डच कंपनी आहे आणि किट उत्तम आहे, हे मी आजही म्हणेन. ४ मिली पाणी घ्यायचं, आम्लानं रंग बदलणाऱ्या इंडिकेटरचे ४ थेंब टाकायचे, मग १ मिलीच्या सिरिंजनं थेंब थेंब आम्ल सोडायचं. निळसर हिरवा रंग गुलाबी-नारिंगी झाला की थांबायचं आणि सिरिंजवरचा आकडा कोष्टकात बघायचा. लॅबमध्ये हात बसलेल्या माणसाला यात काहीच अवघड नाही. अडचण आली ती बाबांच्या मोतीबिंदूमुळे. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग आधी जातो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचं होतं. त्या काळात बाबा बाटली खिडकीपाशी धरायचे, एकेक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "तायडे, या डोळ्यानं अजून निळंय गं, त्या डोळ्यानं कधीच गेलं." दोन डोळ्यांत दोन-तीन थेंबांचा फरक पडायचा. शाईची छटा ओळखणाऱ्या माणसाचा आपल्याच नजरेवरचा भरवसा उडालेला मला बघवेना. म्हणून चेकर घेतला.

यंत्र मुठीत मावतं. एक बटण, एक छोटा पडदा, वर झाकण आणि खाली एक एएए सेल. आत ६१० नॅनोमीटरचा एलईडी आहे आणि समोर सिलिकॉनचा प्रकाशमापी. बटण दाबलं की पडदा 'सी१' मागतो. क्युव्हेटमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटलीत, टाकीचं १० मिली पाणी भरून आत ठेवायचं आणि बटण दाबायचं, ते शून्य धरलं जातं. मग 'सी२'. त्याच क्युव्हेटमध्ये १ मिली रीएजंट, म्हणजे रंग आणणारं रसायन, टाकायचं, झाकण लावून पाच वेळा हळू उलटंपालटं करायचं, परत आत ठेवून बटण दाबायचं. लगेच डीकेएचमध्ये आकडा येतो, ०.१ पर्यंत. पाणी पिवळ्यापासून हिरवट निळ्यापर्यंत कुठलाही रंग घेतं, पण तो रंग काय आहे हे कुणाला ठरवावं लागत नाही. बाबांनी पहिल्यांदा स्वतः वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मासुद्धा घातला नव्हता, एवढे मोठे आकडे आहेत.

आता अचूकपणाचं. कंपनीनं दिलेली मर्यादा अशी आहे: ±०.३ डीकेएच, अधिक आकड्याच्या ±५ टक्के. पडद्यावर ८.० आलं तर ०.३ आणि ०.४ मिळून ०.७ चा फरक असू शकतो. खरी अल्कलिनिटी ७.३ असेल किंवा ८.७ असेल, दोन्ही कंपनीच्या शब्दात बसतं. पडद्यावर दशांश दिसला की माणूस त्या दशांशावर विश्वास ठेवतो आणि ७.८ ला घाबरून सोडा घालतो. हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लॅबमध्ये आम्ही रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावायच्या आधी कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना. त्याचा आकडा लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर मांडतो: मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली दोन एसडीच्या (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, आकडे एरवी सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) रेघा. एखादा ठिपका सरासरीपासून थोडा सरकला तर कुणी हलत नाही. दोन एसडीच्या बाहेर गेला किंवा ओळीनं दहा ठिपके एकाच बाजूला पडले, तर काम थांबवून कारण शोधतो. चेकरला मी तोच नियम लावला आणि तेव्हापासून तो मला आवडायला लागला. कारण एकच नमुना पुन:पुन्हा मोजला तर त्याचे आकडे एकमेकांच्या फार जवळ येतात. खऱ्या किमतीपासून तो अर्धा डीकेएच वर असेल, पण रोज तेवढाच वर असेल. टाकी सांभाळायला मला तेच हवं आहे.

कंट्रोल घरीच करता येतो. सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा, ०.२५२ ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात विरघळवला की ८.४ डीकेएच होते. बेकिंग पावडर घेऊ नका, तिच्यात आम्ल असतं. ०.२५२ ग्रॅम तोलायला घरचा काटा पुरत नाही, म्हणून २.५२ ग्रॅम सोडा एक लिटरमध्ये विरघळवून त्यातलं १०० मिली घ्या आणि एक लिटरपर्यंत नेऊन ठेवा. यात एक मेख आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी सांगितली जात नाही. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात केलेला कंट्रोल या यंत्राला देऊ नका. इंडिकेटरचा रंग पाण्यात एकूण क्षार किती आहेत यावरही सरकतो, आणि हे यंत्र समुद्राच्या पाण्यासाठी जमवलेलं आहे. म्हणून मी त्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम एआर ग्रेडचं, म्हणजे लॅबमधलं शुद्ध, सोडियम क्लोराइडही घालते. घरातलं आयोडीनयुक्त मीठ नको, त्यात मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात. बाटली घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवते आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ देते. कंपनी तपासणीसाठी बंद कुप्यांचा संचही विकते, पण त्यानं यंत्राची दृष्टी तपासली जाते. तुमचं रीएजंट अजून ठीक आहे का, तुमचा हात १ मिली नीट भरतो का, हे त्यातून कळत नाही. घरच्या कंट्रोलमधून तिन्ही कळतात. यंत्र चुकतंय असं दिसलं तरी ते जमवायची सोय नाही, एकच बटण आहे. किती सरकलंय ते चार्टवर लिहून ठेवायचं आणि तेवढं धरून चालायचं.

टाकीच्या पाण्याचे आकडेही आम्ही तसेच चार्टवर मांडतो. त्या चार्टनं आम्हाला जे दाखवलं त्यासाठी मी हे यंत्र परत घेईन. आम्ही बाष्पीभवनानं कमी झालेल्या पाण्याच्या जागी आरओ-डीआयचं पाणी घालतो आणि त्यात पाव ताकदीची चुन्याची निवळी मिसळलेली असायची. पूर्ण ताकदीच्या निवळीत लिटरला साधारण दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं. तशी एक लिटर निवळी २०० लिटर पाण्यात गेली की अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचच्या थोडी वर चढते, पाव ताकदीची साधारण ०.१४. हिवाळ्यात रोज दोनेक लिटर पाणी उडायचं, निवळीतून पाव डीकेएचच्या जरा वर मिळायचं, टाकी तेवढंच खायची. सगळं जुळलेलं. एप्रिलमध्ये नाशिकची कोरडी हवा आणि पाणी थंड ठेवायला टाकीवर लावलेला पंखा, यांनी टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची ही भर, जवळपास दुप्पट झालं. पाणी जास्त उडालं म्हणून पाणी जास्त गेलं आणि त्याच्याबरोबर निवळीही दुप्पट गेली. टाकीची भूक मात्र तेवढीच होती. चार्टवर ठिपके ओळीनं सरासरीच्या वर चढत गेले, प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा जरासाच वर. किटच्या रंगात हा जरासा फरक बाबांना दिसला नसता आणि खरं तर मलाही दिसला नसता. पावसाळ्यात बरोबर उलटं झालं: हवा ओली, पाणी उडेना, निवळी जाईना, ठिपके खाली.

आता निवळी आणि टॉप-अप वेगळं केलं आहे. पातळी उतरली की फ्लोटवर आपोआप येतं ते नुसतं आरओचं पाणी. निवळी ठरलेल्या मापानं रात्री, सलाइनच्या नळीतून थेंब थेंब. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती एकदम ओतायची नाही. शिवाय रात्री दिवे नसताना टाकीचा पीएच उतरलेला असतो, तेव्हा ती जास्त कामी येते. चुना पानाच्या डबीतला वापरत नाही, लॅब ग्रेडचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणते. कधी एकदम भर घालायची वेळ आलीच तर २०० लिटरला १ डीकेएच चढवायला सुमारे ६ ग्रॅम खायचा सोडा लागतो, तोही दोन दिवसांत विभागून.

मोजताना हाताच्या काही गोष्टी सांभाळल्या नाहीत तर वरचं सगळं फुकट. क्युव्हेट आधी टाकीच्याच पाण्यानं विसळायची. १० मिलीच्या रेघेवर पाण्याची कड नसून कडेखालचा खोलगट तळ टेकला पाहिजे, आणि तो डोळ्यांच्या पातळीला धरून बघायचा. काचेवर बोटांचे ठसे नकोत. चष्म्याचं मऊ कापड उत्तम. हवेचे बुडबुडे काचेला चिकटले असतील तर प्रकाश विखुरतो, म्हणून क्युव्हेट जोरात हलवायची नाही. क्युव्हेट नेहमी एकाच दिशेनं ठेवायची. मी झाकणाखाली परमनंट मार्करनं बारीक खूण केली आहे, बाबा ती खूण स्वतःकडे करून ठेवतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रीएजंटचं १ मिली. सिरिंजमध्ये दट्ट्याखाली हवेचा छोटा थर राहिला की माप चुकतं, आणि १ मिलीत ५ टक्के चूक ही सरळ उत्तरात उतरते. मी लॅबसारखी मायक्रोपिपेट (नेमकं माप उचलणारी नळी) घरी ठेवली आहे, पण तिची गरज नाही. सोनारकाट्यासारखा छोटा डिजिटल काटा असेल तर सिरिंजनं साधं पाणी भरून तोला, १ मिली म्हणजे १ ग्रॅम. पाच-सहा वेळा करून बघा, आपला हात किती सरळ आहे ते लगेच कळतं. मापं झाल्यावर क्युव्हेट आरओच्या पाण्यानं धुऊन उपडी ठेवायची, रीएजंट आत वाळू द्यायचं नाही.

आणि अल्कलिनिटीच्या आधी खारेपणा मोजा. पाणी उडून पातळी खाली गेलेली असताना मोजलं तर सगळेच क्षार दाटलेले असतात, अल्कलिनिटीही. टॉप-अप पूर्ण झाल्यावर तासाभरानं नमुना घ्यावा. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना १.०२६ सापेक्ष घनता, याच्या आसपास नसेल तर आधी तो सरळ करा. यासाठी बाजारात मिळणारे बरेच रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगणारी उपकरणं) साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात आणि समुद्राचं पाणी थोडं जास्त खारं दाखवतात. शुद्ध पाण्यानं शून्यावर लावून समाधान मानू नका. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम पाण्यात विरघळवा, त्याचा अपवर्तनांक ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतका असतो, आणि त्यावर रेघ ३५ ला जुळवा. रिफ्रॅक्टोमीटरवर एवढं लिहायचं नव्हतं, पण चुकीच्या खारेपणावर बसलेली अल्कलिनिटी घेऊन लोक महिनोनमहिने डोकं धरून बसतात, त्याचं वाईट वाटतं.

पीएच कमी आला म्हणून अल्कलिनिटी वाढवायला जाऊ नका. बंद खिडक्यांच्या, एसीच्या खोलीत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच पाडतो, अल्कलिनिटी जागची हलत नाही. चेकर ८ दाखवत असेल तर सोड्याचा डबा खाली ठेवून खिडकी उघडा.

खर्चाकडे येते. यंत्राच्या किमतीत सालीफर्टच्या दोन-तीन पेट्या सहज येतील, आणि एका पेटीत १०० ते २०० वेळा मोजणं होतं. चेकरच्या रीएजंटच्या एका बाटलीत २५ वेळा. म्हणजे यंत्र एकदाच घ्यायचं असलं तरी दर वेळचं मोजणं महाग पडतं आणि कंट्रोलसाठी जातं ते वेगळं. आम्ही आठवड्यातून दोनदा टाकी मोजतो आणि एकदा कंट्रोल. एखादा बदल केला असेल तर काही दिवस रोज. ज्यांची नजर चांगली आहे आणि ज्यांना थेंब मोजायचा कंटाळा नाही, त्यांनी सालीफर्टच वापरावं, त्यात काहीही कमीपणा नाही. घरात दोघं-तिघं जण टाकी बघत असतील, कुणाला रंग नीट दिसत नसतील, किंवा गावाला गेल्यावर शेजाऱ्यांकडून मोजून घ्यायचं असेल, तिथे चेकरला तोड नाही. आम्ही कोकणात गेलो होतो तेव्हा शेजारच्या वहिनींनी आकडा फोटो काढून पाठवला आणि तो चार्टवर जिथे पडायला हवा होता तिथेच पडला.

रीएजंट मागवताना दुकानदाराकडून बाटलीवरच्या लॉट नंबरचा आणि मुदतीच्या तारखेचा फोटो आधी मागा. एका विक्रेत्यानं मला जेमतेम महिना उरलेली बाटली पाठवली होती, फोटो मागितला असता तर ती घेतलीच नसती. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत काय तापमान असतं याची कल्पना करा आणि उन्हाळ्याची बाटली फेब्रुवारीतच घेऊन ठेवा, अंधाऱ्या थंड कपाटात. जुनी बाटली संपत आली की नवी उघडून त्याच दिवशी, त्याच कंट्रोलवर आणि टाकीच्या त्याच पाण्यावर दोन्ही चालवा. फरक ०.२-०.३ असला तर चार्टवर नव्या लॉटची उभी रेघ मारून पुढे चला. जास्त असला तर नवी बाटली परत करा, आणि तोवर जुनीतली चार-पाच मापं शिल्लक असू द्या.